वाचनालयातल्या सीडींसाठी कपाट करताना: खाऱ्या हवेतल्या गावांसाठी

आमच्या वाचनालयात सीडींसाठी पहिलं कपाट आलं ते फेब्रुवारीत. चॉकलेटी रंग, काचेची दोन दारं, आत अगदी सीडीच्या मापाचे कप्पे. तालुक्यातल्या एका दुकानातून टेम्पोत घालून आणलं, कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी हात फिरवून पाहिलं, नारळ फोडला. गणपतीला मुंबईकर आले, त्यातल्या एकाने भजनाच्या डबलबारीची सीडी मागितली आणि दार उघडेना. जोर लावून ओढलं तर बिजागरी स्क्रूसकट हातात आली. ती बसवली होती तिथला भुशाचा बोर्ड भिजवलेल्या साबुदाण्यासारखा सुटला होता. खालची फळी मधोमध फुगली होती आणि डब्यांतल्या छापील कागदांवर राखाडी बुरा धरला होता. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. तेच कपाट सोलापुरात वीस वर्षं टिकलं असतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गावच्या वाचनालयाचं काम बघतो. देवगड तालुक्यातलं, खाडीपासून हाकेच्या अंतरावरचं, चिऱ्याच्या भिंतींचं आणि कौलारू छपराचं वाचनालय. त्या फजितीनंतर आम्ही दोन मांडण्या नव्याने करून घेतल्या. त्यांनी चार पावसाळे काढले आहेत. ते करताना जे कळलं ते क्रमाने लिहितो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाचनालयाला, शाळेला किंवा भजनी मंडळाला ते लागू पडेल.

आधी सगळ्या सीडी जमिनीवर काढा

दुकानात किंवा मेस्त्रींकडे जाण्याआधी एक दिवस काढा, सतरंजी अंथरा आणि असेल नसेल ती प्रत्येक सीडी बाहेर काढा. कपाटाचं माप सीडींच्या संख्येवरून ठरत नाही, डब्यांच्या प्रकारावरून ठरतं. नेहमीचा टणक पारदर्शक डबा १४२ मिलिमीटर रुंद, १२५ उंच आणि सुमारे १०.४ जाड असतो. पातळ डबा याच्या निम्म्या जाडीचा. डीव्हीडीचा काळा डबा बराच मोठा: १९० उंच, १३५ रुंद, १४-१५ जाड. चौथा ढीग कागदी पाकिटांतल्या, रबर लावलेल्या, नावगाव नसलेल्या सीडींचा. तो सगळ्यात लहान असतो आणि सगळ्यात मोलाचा असतो.

आमच्याकडे मोजणी झाली तेव्हा ४१० जाड डबे, ९० पातळ, ८५ डीव्हीडी आणि ५५ सुट्या निघाल्या. संगणकाच्या पुस्तकांबरोबर आलेल्या जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडी आम्ही त्याआधीच कार्यकारिणीच्या ठरावाने रद्द केल्या होत्या, नाहीतर आकडा आणखी शंभराने फुगला असता. मरून गेलेल्या सीडींसाठी फळ्या कापून घेऊ नका. पण त्या दाखल नोंदवहीतून रीतसर कमी केल्याशिवाय टाकूही नका, तपासणीला आलेला माणूस नेमकी तीच मागतो.

त्या ५५ सुट्या सीडींमध्ये काय होतं ते सांगतो. गावच्या दशावतारी मंडळाच्या दोन रात्रींचं चित्रीकरण. आता हयात नसलेल्या एका बुवांचं भजन. शाळेच्या शतक महोत्सवातली भाषणं. वाचनालयाच्या जुन्या हस्तलिखित वार्षिकाची पानं, कोणीतरी हौसेने स्कॅन करून दिलेली. यातलं काहीही बाजारात मिळत नाही. आणि या सगळ्या घरी भरलेल्या, म्हणजे सीडी-आर प्रकारच्या आहेत. कारखान्यात छापलेल्या सीडीत मजकूर प्लॅस्टिकवर दाबून उठवलेला असतो, सीडी-आरमध्ये तो रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटवलेला असतो. हा थर ऊन, उजेड आणि उष्णता यांनी हळूहळू उतरतो. म्हणजे गावाने स्वतः तयार केलेली सीडीच सगळ्यात नाजूक.

म्हणून फर्निचरचा विचार करण्याआधी या ढिगाची नक्कल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर करून घ्या आणि त्यातली एक डिस्क वाचनालयाबाहेर, कोणाच्या तरी घरी ठेवा. कपाट कितीही चांगलं असलं तरी सीडी-आरच्या आयुष्याची हमी ते देत नाही. हे काम आम्ही आधी केलं नाही, आणि त्या फुगलेल्या कपाटातल्या तीन सीडी कुठल्याच यंत्रावर चालल्या नाहीत.

अर्धवट बंद कपाट सगळ्यात वाईट

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. किनाऱ्यावर सीडी एक तर उघड्यावर, वारा खेळेल अशा ठेवाव्यात, नाहीतर पुरत्या हवाबंद कराव्यात. आपण सरसकट घेतो ती दारांची कपाटं या दोन्हींच्या मधली असतात. दाराच्या फटीतून दमट हवा आत जायला भरपूर वाव असतो, पण आत गेलेली हवा हलत नाही. पावसाळाभर ती तिथेच कुबट होते. बुरशीला आणखी काय हवं?

सीडी दीर्घकाळ ठेवायच्या तर हवेतली सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्क्यांच्या आत असावी असं मानलं जातं. आपल्याकडे जुलैत आर्द्रतामापक लावून पाहा. छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. आमच्याकडे सकाळी ते ८८ ते ९२ दाखवतं आणि दुपारी पाऊस उघडला तरी ८० च्या खाली यायला कुरकुरतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात संपूर्ण खोलीची हवा कोरडी करण्याचा विचार सोडा. हवा कोरडी करणारं यंत्र चोवीस तास चालवावं लागतं, आणि नेमक्या झडीच्या दिवसांत लाइट दोन दोन दिवस नसते.

बुरशी सीडीच्या प्लॅस्टिकला काय करणार, असं आमच्या एका सभासदाने विचारलं होतं. २००१ साली स्पेनमधल्या संशोधकांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण दमट देशातून आलेल्या एका सीडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिओट्रायकम जातीची बुरशी सीडीच्या कडेने आत शिरून अ‍ॅल्युमिनियमचा थर आणि प्लॅस्टिक दोन्ही खात गेली होती. असं रोज घडत नाही. आपल्याकडे नुकसान सहसा कागदापासून सुरू होतं. डब्यातला छापील कागद ओल धरतो, त्यावर बुरा येतो, कागद चकतीला चिकटतो, आणि आपण तो ओढून काढताना छापील बाजूचा पातळ लाखेचा थर खरवडला जातो. चमकणारा धातूचा थर या लाखेच्या लगेच खाली असतो. चकतीच्या तळाकडच्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचं संरक्षण आहे, छापील बाजूला जवळपास काहीच नाही. लोक नेमकी तळाची बाजू जपतात आणि नावाच्या बाजूवर बॉलपेनने लिहितात.

तेव्हा आम्ही संग्रहाचे दोन भाग केले. बाजारात मिळणाऱ्या, वाचकांना घरी द्यायच्या सीडी उघड्या मांडणीवर. गावच्या ५५ सीडी, कागद काढून, नव्या टणक डब्यांत घालून, हवाबंद डब्यांत. फर्निचर दोन प्रकारचं लागलं ते यामुळे.

जागा

भिंत आधी बघा, कपाट मागाहून. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत पावसाची झड खाते. चिरा पाणी पितो आणि दिवाळीपर्यंत सोडत नाही. तिथे काहीही टेकवू नका. आमच्याकडे मधली आडभिंत कोरडी होती, तिथेही मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. मागून हवा जाते, आणि वाळवीची मातीची नळी चढू लागली तर दिसते. कौलारू छप्पर असेल तर ऑगस्टमधल्या जोराच्या पावसात खोलीभर हात पसरून एकदा उभं राहा, कुठे शिंतोडे येतात ते कळेल. जिथे कौल फुटलं की पहिला थेंब पडतो, ती जागा बाद.

खिडकीसमोर नको. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या खिडकीची झडप निखळून पाणी आडवं आत आलं होतं. वादळ नसलं तरी दुपारचं ऊन सीडी-आरला नको.

चिपळूण, खेड, महाड, राजापूर अशा पुराच्या गावांत सगळ्यात पहिला प्रश्न उंचीचा. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या पुरात आणि पुन्हा जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या ग्रंथसंपदेचं मोठं नुकसान झालं. तुमच्या इमारतीच्या भिंतीवर जुन्या पुराची रेघ असेल तर गावच्या सीडींचे हवाबंद डबे त्या रेघेच्या वर जायला हवेत. वरचा मजला असेल तर विचारच करू नका, वर न्या. पूर येत नसेल तरी खालची फळी जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर ठेवा, लादी पुसणारी बाई ओलं फडकं खोलवर फिरवते.

लाकूड, प्लाय की लोखंड

भुशाचा बोर्ड नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, तोही नाही. वरून कितीही सुबक कागद चिकटवलेला असला तरी कापलेल्या कडेने आणि स्क्रूच्या भोकाने ओल आत जाते, आणि एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही. तयार फर्निचरच्या दुकानात कपाटाचं दार उघडून बिजागरीचं भोक बघा. आत भुसा दिसला तर नमस्कार करून बाहेर पडा.

प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. त्याला बाजारात मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात. त्यातली एमआर म्हणजे नुसती दमटपणा सोसणारी प्रत, दुकानदार तिलाच वॉटरप्रूफ म्हणून खपवतात. खात्री नसेल तर हातभर तुकडा मागून आणा, दोन दिवस बादलीत बुडवा, मग कडेला चाकूचं टोक घाला. थर सुटले तर कळलं. सीडीचं वजन थोडं असतं, एक भरलेला डबा साधारण १०० ग्रॅमचा. पुस्तकांच्या फळ्यांसारखा जाड प्लाय लागत नाही. दोन फुटांच्या आतल्या फळीला १२ मिलिमीटर पुरतो, तीन फुटांना १८ घ्या. वाचलेला पैसा चांगल्या प्रतीत घाला.

घन लाकडात साग उत्तम, पण वाचनालयाच्या खिशाला सागाचं नाव काढवत नाही. फणसाचा विचार अवश्य करा. पिवळंधमक लाकूड, काम करायला बरं, आणि गाभ्याच्या फळीला वाळवी सहसा तोंड लावत नाही. आम्हाला तर ते फुकट मिळालं. तौक्तेत एका सभासदाच्या परड्यातला जुना फणस आडवा झाला, त्यांनी तो वाचनालयाला दिला. गिरणीत फळ्या पाडून पडवीत पट्ट्या घालून रचल्या आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत हात लावला नाही. ओल्या लाकडाचं कपाट करण्यापेक्षा वर्षभर सीडी पेटीत राहिलेल्या परवडल्या. सालीजवळचं पांढरं लाकूड मात्र काढून टाकायला सांगा, भुंगा तिथेच शिरतो. आंब्याची फळी स्वस्त असते आणि स्वस्तच राहते, दोन वर्षांत खाली पिठाचे ढीग दिसू लागतात.

लोखंडी मांडणीचं आमच्या मंडळींना फार आकर्षण. समुद्रापासून दोन-चार कोस आत असाल तर हरकत नाही, किनाऱ्यालगत जपून. पत्रा गंजतो तो मोकळ्या पृष्ठभागावर नाही. वेल्डिंगच्या ठिपक्यावर, दुमडलेल्या कडेच्या आत आणि नट-बोल्टच्या भोकात, जिथे रंग पोचलेला नसतो, तिथून सुरुवात होते. दुकानात फळी उलटी करून बघा. खालच्या बाजूला आणि दुमडीत पावडर कोटिंग भरलेलं आहे का? नाण्याने कडेला खरवडा. पापुद्रा उडाला तर दुसरं दाखवा म्हणायचं. साध्या पत्र्यापेक्षा आधी जस्त चढवलेला आणि मग रंगवलेला पत्रा बराच जास्त टिकतो. पातळ २२ गेजपेक्षा २० गेज घ्या. आकडा कमी तेवढा पत्रा जाड, हे विसरून एका शेजारच्या संस्थेने कोटेशनमधला मोठा आकडा बघून पसंती दिली होती! स्टेनलेस स्टीलही खाऱ्या वाऱ्यात डागाळतं. ३०४ या नेहमीच्या प्रतीवर तपकिरी ठिपके येतात. ३१६ या प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला जास्त तोंड देतं, पण ते बोटींच्या सामानासाठी ठीक, आपल्याला परवडत नाही.

बिजागऱ्या, स्क्रू आणि कड्या पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या. लोखंडी स्क्रू गंजतोच, शिवाय साग-आइनासारख्या लाकडात त्याच्याभोवती काळा डाग पसरत जातो.

मापं

सीडी पुस्तकासारखी उभी ठेवायची. आडव्या चवडी घालू नका. खालचे डबे तडकतात, आणि खालची सीडी हवी असली की वरच्या वीस जमिनीवर येतात.

फळीची खोली १५ ते १६ सेंटिमीटर पुरे. पुस्तकांचं जुनं रॅक सीडींना वापरायची पाळी आली तर ते फूटभर खोल असतं. मग पुढे एक रांग, मागे एक रांग अशी मांडणी होते, आणि मागची रांग पुढची पाच वर्षं कोणी बघत नाही. जुनंच रॅक वापरायचं असेल तर मागच्या अर्ध्या भागात लाकडी ठोकळा घाला, म्हणजे सीडी पुढच्या कडेला येतील.

दोन फळ्यांतली मोकळी उंची सीडीसाठी १५ सेंटिमीटर. डबा साडेबाराचा, वर बोटं घालायला अडीच. डीव्हीडीसाठी २१. हलत्या फळ्या ऐकायला सोयीच्या वाटतात, पण दमट हवेत त्या प्लॅस्टिकच्या खुंट्या पिवळ्या पडून तुटतात. सीडीचं माप १९८२ पासून बदललेलं नाही, आता बदलणारही नाही. फळ्या पक्क्या बसवा.

आता आमचा हिशेब. ४१० जाड डबे गुणिले १०.४ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४२६ सेंटिमीटर. ९० पातळ डब्यांचे ४७. एकूण ४७३. यात पाचवा हिस्सा मोकळा धरला, कारण गच्च भरलेल्या फळीतून सीडी काढताना डब्याच्या झाकणाचे कान तुटतात. झाले ५६८. फळीची आतली लांबी ८० सेंटिमीटर ठरवली, म्हणजे सात फळ्या पुरतात न पुरतात, आठ घेतल्या. ८५ डीव्हीडींना दोन. सगळ्याचं वजन साठेक किलो.

दहा फळ्यांची एकच मांडणी केली असती तर ती सव्वासहा फूट उंच आणि सहा इंच खोल झाली असती. अशी अरुंद उंच वस्तू भिंतीला जखडावीच लागते, आणि आमच्या चिऱ्याच्या भिंतीत रावळप्लग धरत नाही. ड्रिल मारलं की लाल भुगा पडतो आणि भोक वांग्याएवढं होतं. म्हणून पाच-पाच फळ्यांच्या, साडेतीन फुटी दोन बुटक्या मांडण्या केल्या आणि पाठीला पाठ लावून, मध्ये चार बोटं फट ठेवून, पट्ट्यांनी जोडल्या. पाठीला फळी नाही, नुसत्या दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे वारा आरपार जातो. मुलांचा हात पोचतो, कोणावर पडत नाही, आणि वर जी सपाट जागा मिळाली तिथे सीडी प्लेअर आणि यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह ठेवला. हल्लीच्या लॅपटॉपना सीडीची खाच नसते. वाजवायचं साधन मांडणीजवळ नसेल तर सीडी नुसत्या शोभेच्या.

खण हवेत का?

देवघेव टेबलापाशी एखादा खण कामाचा असतो. ज्या गावांत सीडी परत न येण्याचं प्रमाण जास्त, तिथे रिकामे डबे मांडणीवर आणि चकत्या टेबलाच्या खणात अशी पद्धत ठेवतात. चकत्या पाकिटांत घातल्या तर डब्यांच्या मानाने कितीतरी कमी जागेत मावतात. पाकिटं पॉलीप्रॉपिलीनची घ्या. वासाची मऊ पीव्हीसी पाकिटं उन्हाळ्यात चकतीला चिकटतात. चेनवाली पाकीटवही प्रवासाला ठीक, वाचनालयाला नाही.

डब्यांसकट खणात ठेवायचं असेल तर डब्याचा नावाचा कणा वर येतो, म्हणजे उंची १४२ मिलिमीटर होते. खणाची आतली उंची १५५ हवी आणि प्रत्येक ओळीची रुंदी १३०. कार्डांची जुनी तालिका-कपाटं संगणक आल्यापासून बऱ्याच वाचनालयांत रिकामी आहेत. तालिकेचं कार्ड १२५ मिलिमीटर रुंद, सीडीचा डबाही एका बाजूने १२५. मी आनंदाने धावत जाऊन खणात डबा घालून पाहिला. रुंदीला चपखल, उंचीला अर्धा बाहेर. खण बंद होत नाही तो नाहीच.

गोल फिरणारा स्टँड दुकानात छान दिसतो. वाचनालयात पोरं त्याचा रहाट करतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालचा बेअरिंग किंचाळायला लागतो.

मेस्त्रींशी बोलताना

टेबलाचा खण करून आणला तो एप्रिलमध्ये. मी ओढून पाहिला तर दोन्ही बाजूंनी चांगला ढिला, लटपटणारा. मी जरा आवाज चढवला. मेस्त्रींनी खण शांतपणे परत आत सरकवला आणि म्हणाले, "गुरुजी, आता ढिलो वाटता म्हणान रागावू नकात. पावसात भरतलो."

त्यांनी प्रत्येक बाजूला दीड-दोन सूत फट मुद्दाम सोडली होती. लोखंडी सरकपट्ट्याही घालू दिल्या नाहीत, छर्रे गंजून अडकतात म्हणाले. लाकडावर लाकूड, आणि सरकण्याच्या जागी मेणबत्ती घासलेली. जुलैत खण घट्ट बसतो पण उघडतो.

पॉलिश किंवा रंग लावलेली मांडणी लगेच भरू नका. महिनाभर तरी उघड्या हवेत राहू द्या, वास पूर्ण गेला पाहिजे. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना लावतात म्हणून कोणी कपाटाला आतून सुचवेल, तर नको म्हणा. ते चिकट राहतं आणि हाताला भाजतं. पायांच्या तळाला लावायला चालेल.

मेस्त्रींना नमुन्यादाखल एक भरलेला डबा आणि एक डीव्हीडीचा डबा हातात द्या. कागदावर लिहिलेल्या मापाने आमच्या पहिल्या दोन फळ्या साडेबारा सेंटिमीटर उंचीच्या झाल्या होत्या, बोट घालायला जागाच नाही.

अनुदानाच्या पैशांतून करून घेणार असाल तर दरपत्रकात "सीडी रॅक, १ नग" एवढंच लिहून घेऊ नका. प्लायची प्रत, जाडी, फळ्यांची संख्या, दोन फळ्यांतली मोकळी उंची, स्क्रूचा धातू, सगळं लिहून घ्या. नाहीतर सगळ्यात कमी दराचा भुशाचा बोर्ड मंजूर होतो. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांत फर्निचरही येतं, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चौकशी करा. आणि वस्तू आल्यावर जडसंग्रह नोंदवहीत त्याच दिवशी नोंद.

हवाबंद भाग

गावच्या ५५ सीडींसाठी आम्ही वेगळं कपाट केलंच नाही. स्वयंपाकघरात डाळी ठेवतात तसे रबराच्या कडेचे, चार बाजूंनी खटके लागणारे चौकोनी डबे घेतले. आतली लांबी २२ सेंटिमीटर, त्यात वीस सीडी उभ्या बसतात. असे तीन डबे, आणि ते ठेवायला आडभिंतीजवळ फूटभर खोल, छातीच्या उंचीची एक दाराची पेटी. पेटी हवाबंद नसली तरी चालते, ती फक्त उजेड आणि हात लांब ठेवते.

प्रत्येक डब्यात सिलिका जेलची १०० ग्रॅमची पुडी. निळी जेल ओल प्यायली की गुलाबी होते, पण तिच्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. नारिंगी घ्या, ती रंग बदलून हिरवट होते. मंद आचेवर तापवली की पुन्हा कामाला येते, फक्त ती कढई परत स्वयंपाकाला वापरायची नाही. डबे भरायचे ते जानेवारीत, उत्तरेकडून कोरडा वारा सुटलेला असतो तेव्हा. जुलैत भरलात तर जुलैची हवाच आत कोंडून ठेवाल. आणि एकदा बंद केले की गणपतीपर्यंत उघडायचे नाहीत, कोणी कितीही आग्रह केला तरी. ऐकायचंच असेल तर हार्ड डिस्कवरची नक्कल आहे.

डांबरगोळ्या कुठेही टाकू नका, ना मांडणीवर ना डब्यात. सीडीचा टणक डबा पॉलिस्टायरीनचा असतो, डांबरगोळीच्या वाफेने तो मऊ आणि चिकट होतो. कसर आणि झुरळं लांब ठेवायला दर पंधरा दिवसांनी कोरडा कुंचला फिरवणं पुरतं. कपाटात बल्ब लावून ऊब देण्याची युक्ती कॅमेरावाले करतात, सीडी-आरला तो उजेड आणि ती ऊब दोन्ही नकोत.

पहिला पावसाळा

मांडणी लागली म्हणजे काम झालं असं नाही. मिरगाच्या आधी एकदा, आषाढात एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा, असं तीन वेळा खाली बसून विजेरीने बघा. फळीची खालची बाजू, पायांचे तळ, मागच्या पट्ट्या. प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांची एकेक सीडी उघडून आतला कागद बोटाने चाचपा. सरदलेला लागला तर त्या फळीवरच्या सीडी आणखी विरळ करा. बुरा दिसला तर ती सीडी लगेच वेगळी काढा, डबा फेकून द्या, चकती स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ टिपा, गोल गोल नाही.

दाखल क्रमांकाची चिठ्ठी चकतीवर चिकटवू नका, डब्याच्या कण्यावर चिकटवा. खळ वापरू नका, झुरळं रातोरात चाटून नेतात. आम्ही क्रमांक चकतीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहितो, आणि फळीच्या कडेला खडूने. खडू पावसाळ्यात पुसला जातो, मग मुलं पुन्हा लिहितात. गेल्या ऑगस्टला एका फळीवर कोणीतरी "दशावतार" च्या खाली "हात धुवून" असं लिहून ठेवलं होतं. ते आम्ही तसंच ठेवलं आहे.